मातीची शुद्धी की धातूचा उपसा? : एका परिभाषेची चिकित्सा

शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा इत्यादी जड धातूंनी दूषित झालेल्या जमिनीत विशिष्ट वनस्पती लावून त्या जमिनीचा बंदोबस्त करावयाचा, ही कल्पना गेल्या चार दशकांत शास्त्रज्ञांच्या विशेष अभ्यासाचा विषय झाली आहे. इंग्रजीत या पद्धतीस 'फायटोरेमिडिएशन' असे नाव आहे. तिचा मराठीत परिचय करून देऊ पाहणाऱ्या लेखकाच्या हाताशी साधारणतः दोन पर्याय येतात : 'वनस्पतींद्वारे मातीचे शुद्धीकरण' आणि 'वनस्पती-उपचार'. दोन्ही कानास गोड लागतात, दोन्ही संस्कृताश्रित असल्यामुळे शास्त्रीय भासतात आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, दोन्ही वाचकाची दिशाभूल करतात. या मताची कारणे मांडणे हा या टिपणाचा हेतू आहे. प्रश्न केवळ शब्दनिवडीचा असता तर तो कोशकारांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु मुंबईच्या परळ-लालबागसारख्या भागात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या गिरण्या चालल्या आणि आता त्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या आहेत, तेथे हा शब्द ज्या अर्थाने समजला जाईल त्या अर्थाने माणसे वागतील. यास्तव त्याची चिकित्सा अवश्य आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जड धातू ही मूलद्रव्ये आहेत. जमिनीत सांडलेल्या तेलाचे सूक्ष्म जंतू विघटन करू शकतात. शिशाचे विघटन कोणत्याही जीवास करता येत नाही. व्याकरणातील धातूस कितीही प्रत्यय लागले तरी मूळ धातू जसा शिल्लक राहतो, तद्वत रसायनातील धातूही संयुगे बदलली तरी शिल्लकच राहतो. वनस्पती त्याच्या बाबतीत तीन गोष्टी करू शकतात. काही वनस्पती तो मुळांवाटे ओढून पानाखोडांत साठवितात. काही वनस्पती तो मुळांपाशीच धरून ठेवतात आणि जमिनीवर दाट आच्छादन करून धुळीबरोबर वा पावसाच्या ओहोळाबरोबर त्यास पसरू देत नाहीत. पारा, सेलेनियम अशा मोजक्या द्रव्यांच्या बाबतीत ती वायुरूप करून हवेत सोडण्याची क्रियाही संभवते. या तिन्ही प्रकारांत धातू नष्ट होत नाही. बदलतो तो फक्त त्याचा पत्ता.

पहिल्या प्रकारातील वनस्पतींचे सामर्थ्य विस्मयकारक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा चीक निळसर हिरवा असतो आणि तो वाळविल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल भरतो, हे १९७६ साली प्रसिद्ध झाले. 'टेरिस व्हिटाटा' या नेच्याने आर्सेनिक आपल्या पानांत साठविल्याचे २००१ साली फ्लोरिडातील संशोधकांनी दाखविले. वाळलेल्या पानांत किलोग्रॅममागे २० हजार मिलिग्रॅमहून अधिक आर्सेनिक भरले. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नव्हे, धातुसदृश होय, व्यवहारात त्याची गणना याच वर्गात होते.) हा नेचा आपणांस परका नाही. जुन्या भिंतींच्या चुनेगच्चीच्या फटींत तो रुजतो. मात्र भिंतीवर नेचा दिसला म्हणजे भिंतीत आर्सेनिक आहे असे अनुमान कोणी काढू नये. जे जमिनीत आहे तेच वनस्पती उचलते.

आता शब्दांकडे वळू. 'शुद्धी' या शब्दास मराठी मनात जो अर्थ चिकटलेला आहे तो मुख्यत्वे आचारधर्मातून आलेला आहे. गोमूत्र शिंपडले, घर शुद्ध झाले. स्नान केले, देह शुद्ध झाला. अशुद्धी गेली कोठे, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, कारण त्या कल्पनेत अशुद्धी ही अवस्था आहे, वस्तू नव्हे. येथे कोणी असा आक्षेप घेईल की, साखरेच्या वा पाण्याच्या शुद्धीकरणातही मळी वा गाळ मागे उरतोच; मग मातीच्याच बाबतीत ही हरकत का? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु कारखान्यात मळी डोळ्यांस दिसते, तिचा वास येतो, तिची विल्हेवाट लावणे भाग पडते. दूषित जमिनीवर उगवलेले हिरवेगार रोप मात्र कोणासही गाळासारखे दिसत नाही. जेथे वस्तू स्वतः इशारा देते तेथे शब्द सैल असला तरी चालतो. जेथे वस्तू मूक आहे तेथे इशारा शब्दानेच दिला पाहिजे.

'उपचार' या शब्दाची गत याहून बरी नाही. 'वनस्पती-उपचार' म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या मनात काढे, चूर्णे आणि मुळ्या उभ्या राहतात. वनस्पतींनी मनुष्यावर केलेला उपचार, असाच अर्थ तो लावणार. मूळ पाश्चात्त्य शब्दातही ग्रीक 'वनस्पती' आणि लॅटिन 'इलाज' यांचा जोड असल्यामुळे हा दोष काहीसा आयात केलेला आहे. पण मराठीत आणखी एक अर्थच्छटा आहे आणि ती अधिक बोलकी आहे. 'केवळ उपचार म्हणून' केलेली गोष्ट म्हणजे देखाव्यापुरती केलेली गोष्ट. दूषित भूखंडाच्या कडेने झाडांच्या चार रांगा लावून फलक उभारला तर त्यास 'वनस्पती-उपचार' हे नाव, योजकाच्या मनात नसतानाही, तंतोतंत लागू पडेल!

मराठीस जमिनीविषयी शब्दांचे दारिद्र्य नाही. काळी, तांबडी, बरड, मुरमाड, चोपण, खारवट, पोयटा : एकेका शब्दात शेतकऱ्याचा पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. परंतु हे सर्व शब्द डोळ्यांचे, हाताचे, जिभेचे आणि नांगराचे आहेत. मीठ फुटलेली जमीन पांढरी दिसते, म्हणून 'खारवट' हा शब्द जन्मास आला. शिसे मिसळलेली माती काळीची काळीच राहते व तिच्यावर गवतही माजते, म्हणून तिच्यासाठी लोकभाषेने शब्द घडविला नाही. हे ज्ञान प्रयोगशाळेतून येते, आणि म्हणूनच ते लोकांपर्यंत नेणाऱ्या शब्दावर अधिक जबाबदारी पडते.

गिरणगावाच्या संदर्भात आणखी एक भाषिक वस्तुस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या कलमाने या जमिनींचे तीन वाटे कल्पिले : शहरासाठी मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक. २००१ साली ही वाटणी बांधकाम नसलेल्या भागापुरती मर्यादित करण्यात आली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. या दीर्घ वादाची शब्दकळा पाहावी : जागा, भूखंड, चटई क्षेत्र, वाटा. 'जमीन' हा शब्द तेथे वारंवार येतो, पण तो क्षेत्रफळाच्या अर्थाने. 'माती' या अर्थाने नव्हे. वास्तविक कापूस-सुताच्या रंगकामात क्रोमियम व तांबे यांची संयुगे वापरली जात. रस्त्यांवर शिसेयुक्त पेट्रोल जळत होते. त्याची विक्री देशभरात २००० साली थांबली, पण मातीवर बसलेले शिसे त्या तारखेस उठून गेले नाही. जुन्या रंगांतही शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांशी ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आली. अमुक गिरणीची माती दूषित आहे असे येथे म्हणावयाचे नाही. ते मातीचे नमुने तपासूनच ठरेल. म्हणावयाचे आहे ते इतकेच की, जी मोकळी जागा उद्यान म्हणून मुलांस खेळावयास मिळावयाची, तिची माती तपासण्याचा विचार सुचण्यासाठी ती प्रथम 'माती' म्हणून ओळखली गेली पाहिजे.

मग या क्रियांस म्हणावे काय? पहिल्या प्रकारास 'उपसा' हा शब्द सुचवावासा वाटतो. 'उपसा सिंचन' या शासकीय प्रयोगामुळे तो परिभाषेत आधीच प्रतिष्ठित झाला आहे. त्याचा मोठा गुण असा की, 'उपसा' म्हटल्याबरोबर दोन प्रश्न आपोआप उभे राहतात : किती उपसले, आणि उपसलेले टाकले कोठे? पावसाळ्यापूर्वी नाल्यातून काढलेला गाळ काठावरच राहिला तर पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा नाल्यात जातो, हे मुंबईकरास शिकवावे लागत नाही. धातू साठविलेला पाला तेथेच कुजू दिला, त्याचे खत केले किंवा तो उघड्यावर जाळला, तर हीच गत होणार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशोबाने मिळते. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर, घनमीटरास १.३ टन धरल्यास, २,६०० टन भरतो. त्यातील शिशाचे प्रमाण किलोग्रॅममागे केवळ १०० मिलिग्रॅमने उतरवावयाचे तर २६० किलोग्रॅम शिसे काढावे लागेल. वर्षास १० टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोग्रॅममागे १०० मिलिग्रॅम शिसे असले, तर वर्षाचा उपसा १ किलोग्रॅम. म्हणजे २६० वर्षे. पाल्यात १,००० मिलिग्रॅम शिसे भरले, आणि 'अतिसंचयी' वनस्पतीची शिशापुरती कसोटी तीच आहे, तरीही २६ वर्षे. मोहरीसारख्या पिकास शिसे सहज ओढता यावे म्हणून मातीत ईडीटीएसारखी द्रव्ये घालण्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु असे सुटे झालेले शिसे पाण्याबरोबर खाली झिरपण्याचा धोका असतो, आणि मुंबईत वर्षास २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. 'शुद्धीकरण' हा शब्द असा हिशोब मागत नाही, 'उपसा' मागतो.

दुसऱ्या प्रकारास 'थोपवण' म्हणावे. आठवणे-आठवण, साठवणे-साठवण या धर्तीवर थोपवणे-थोपवण हे रूप भाषेच्या प्रकृतीस धरून आहे. वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत माती जखडून ठेवते. धातू जागेवरच राहतो, पण धुळीतून मुलांच्या हातातोंडाशी जाण्याची त्याची वाट पुष्कळशी बंद होते. जेथे जमिनीस २६ वर्षे मोकळे राहू देणे कोणासही परवडणार नाही, अशा परळ-लालबागेत थोपवण, नाही तर माती उकरून सुरक्षित ठिकाणी नेणे, हेच मार्ग बहुधा व्यवहार्य ठरतील. थोपविलेली वस्तू पुन्हा सुटू शकते, ही जाणीवही या शब्दात अंतर्भूत आहे. थोपवण करणाऱ्यास पहारा सोडता येत नाही. तिसऱ्या प्रकारास वेगळी संज्ञा न घडविता 'हवेत सोडणे' असे सरळ म्हणावे. पारा हवेत सोडण्यास 'शुद्धीकरण' म्हणणे किती विपरीत आहे, हे मग सांगावयास नको.

शब्दाच्या या शिस्तीचा खरा कस भाजीच्या बाबतीत लागतो. उपनगरी लोहमार्गालगतच्या पट्ट्यांत पालक, माठ, अळू यांची लागवड मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. पालेभाज्या कॅडमियम सहज ओढून घेतात, आणि शिशाची धूळ पानांवर बसते. म्हणजे ज्या गुणास आपण एके ठिकाणी 'शुद्धीकरण' म्हणून गौरवितो, त्याच गुणाने दुसऱ्या ठिकाणी धातू ताटात येतो. वनस्पती माती शुद्ध करते, एवढेच ज्याने ऐकले आहे, तो अशा जमिनीतील अळूची वडी निःशंकपणे खाईल. वनस्पती धातू उपसते, असे ज्याने ऐकले आहे, तो हात आखडता घेईल. एकाच शास्त्रीय सत्याचे हे दोन अनुवाद होत, आणि त्यांतील एकच वाचकास सावध करतो. परिभाषा सुबोध असावी, असे आपण नेहमी म्हणतो. ती प्रामाणिक असणेही तितकेच अगत्याचे आहे.