ई-साधनांची व्यवस्था आणि मूल्यमापनाचे निकष

रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते होते ते चिंतामणराव देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, 1957 मध्ये, आयोगाने डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांविषयीच्या त्या काळच्या विचारात एक गोष्ट गृहीत होती : ग्रंथ विकत घेतला की तो ग्रंथालयाचा झाला. दाखल-नोंदवहीत त्याला क्रमांक मिळाला, कपाटात जागा मिळाली, की मालकीचा प्रश्न संपे. ई-साधनांच्या बाबतीत हे गृहीतच ढळते. येथे ग्रंथालय वस्तू घेत नाही, मुदतीचा हक्क घेते. हा हक्क कशावर, कोणत्या अटींवर आणि केव्हापर्यंत, याची नोंद ठेवण्यासाठी जी सॉफ्टवेअर-प्रणाली वापरावयाची, तिची पारख कशी करावी, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

या पारखेची रूढ पद्धती परदेशातून आली. अमेरिकेतील डिजिटल लायब्ररी फेडरेशनने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा प्रणालीकडून अपेक्षित असलेल्या कार्यांची तपशीलवार यादी दिली : निवड, चाचणी, करार, देयके, प्रवेशव्यवस्था, नूतनीकरण. पुढे बहुतेक तौलनिक अभ्यास याच वळणाने गेले. डाव्या रकान्यात कार्ये, उजव्या रकान्यांत प्रणाली आणि मध्ये बरोबरच्या खुणा. ज्या प्रणालीला अधिक खुणा ती श्रेष्ठ. ही पद्धती निरर्थक नव्हे. परंतु शेकडो प्रकाशकांशी स्वतंत्र करार करणाऱ्या विद्यापीठाची गरज तिच्या मुळाशी आहे, हे विसरून चालणार नाही.

पेण किंवा रोहा येथील महाविद्यालयाची स्थिती निराळी असते. इन्फ्लिबनेट केंद्राच्या 2010 पासूनच्या एन-लिस्ट कार्यक्रमामुळे अल्प वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिके अशा महाविद्यालयांच्या आवाक्यात आली. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके असा तिचा आवाका होता. मात्र ती प्रथमतः शासकीय संस्थांसाठी आखलेली होती. दोन्ही ठिकाणी कराराची वाटाघाट केंद्रस्थानी होते. तेव्हा करारव्यवस्थेसाठी मिळालेल्या दहा खुणा पेणच्या ग्रंथपालाच्या फारशा कामाच्या नाहीत. त्याला वर्षअखेर उत्तर द्यावे लागते ते एकाच प्रश्नाचे : या साधनांचा उपयोग झाला काय?

उपलब्ध प्रणाली या दृष्टीने पाहाव्यात. इन्फ्लिबनेटची ‘सोल’ 2000 मध्ये आली आणि 2021 मध्ये तिची तिसरी आवृत्ती निघाली. ग्रंथखरेदी, तालिकीकरण, देवघेव व नियतकालिके ही तिची मूळ अंगे. तिचा पिंड छापील संग्रहाचा आहे. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि 2000 पासून वापरात असलेली ‘कोहा’ मुक्तस्रोत आहे. तिच्यात 2022 च्या अखेरीस ई-साधनांच्या व्यवस्थेचा स्वतंत्र विभाग आला आणि पुढे वापराची आकडेवारी गोळा करण्याची सोयही झाली. खुणांच्या हिशेबात कोहा पुढे ठरेल. परंतु ही आकडेवारी काय मोजते, हे पाहिल्याशिवाय निर्णय देणे घाईचे होईल.

प्रकाशकांकडून येणारी आकडेवारी ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार तयार होते. किती लेख उघडले, किती शोध घेतले, हक्क नसल्यामुळे किती वेळा प्रवेश नाकारला, हे तीत कळते. शोध घेतला एवढे मोजले जाते; शोधणारा रिकाम्या हाताने परतला काय, हे वेगळे मांडले जात नाही. नेमके येथेच पेणच्या विद्यार्थ्याचे नुकसान होते. ‘पेण’ हे नाव रोमन लिपीत लिहिले की इंग्रजीतील लेखणी होते आणि शोधाला लेखण्यांचीच माहिती लागते. जिल्ह्याचे नाव 1981 मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. ‘रायगड’ शोधणाऱ्याला 1883 चे किंवा 1964 चे कुलाबा गॅझेटियर आपोआप सापडत नाही. खारजमिनी, मिठागरे, गणेशमूर्तींचे कारखाने या विषयांवरील सामग्री कोणत्या शब्दाखाली दडली आहे, हे देवनागरीत शोधणाऱ्यास उमगत नाही. ‘सम्बन्ध’ आणि ‘संबंध’ यांनासुद्धा यंत्र दोन शब्द समजू शकते. असा विद्यार्थी दोनदा शोधतो आणि सोडून देतो. वर्षअखेरीच्या तक्त्यात त्याचा अर्थ एकच निघतो : वापर कमी.

यावर आक्षेप असा की, शोध हे तालिकेचे काम असून ई-साधनांच्या व्यवस्थेशी त्याचा संबंध नाही. जेथे या दोन कामांना दोन विभाग आहेत, तेथे हा आक्षेप ग्राह्य आहे. तालुक्याच्या गावी दोन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. शिवाय वर्गणी चालू ठेवावी की बंद करावी, हा निर्णय व्यवस्थाप्रणालीच्या आकड्यांवरच होतो. जो पुरावा अपुरा आहे त्यावरून निर्णय देणे न्याय्य नव्हे.

तेव्हा निकषांचा क्रम बदलावयास हवा. हक्काची मुदत आणि मुदतीनंतर काय उरते, हे प्रणाली स्पष्ट दाखविते काय? एका स्थळाची जुनी-नवी, देवनागरी-रोमन नावे ती परस्परांशी जोडू देते काय? विफल शोधांची नोंद, निदान ग्रंथपालाने हाताने केलेली, वापराच्या आकड्यांशेजारी ठेवता येते काय? आणि प्रणाली सोडताना या साऱ्या नोंदी खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय? या चार प्रश्नांना होकार देणारी साधी प्रणाली शंभर खुणांच्या प्रणालीपेक्षा पेणला अधिक उपयोगी पडेल.

प्रत्येक वाचकास त्याला हवे ते मिळावे, असा रंगनाथन यांच्या 1931 च्या दुसऱ्या सूत्राचा आशय आहे. त्या सूत्राची कसोटी ज्याला मिळाले त्याच्यावर लागत नाही. ज्याला मिळाले नाही त्याच्यावर लागते. जी प्रणाली त्याची नोंदच ठेवीत नाही, तिच्या मूल्यमापनाचे काम अर्धे राहिले असेच म्हणावे लागेल.