तोरणाला मोबाईल म्हणू नका

आत्ता तुमच्या हातात आहे तो मोबाईल नव्हे. अलेक्झांडर काल्डरच्या हलत्या शिल्पांना मार्सेल द्युशाँनं १९३१ साली हे नाव दिलं, तो मोबाईल. सुरुवातीला काल्डरची काही शिल्पं मोटरवर फिरायची. पुढे त्यानं ती नुसत्या वाऱ्यावर सोडली. १९५५ मध्ये गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून तो अहमदाबादला आला, तिथंही त्यानं शिल्पं घडवली. भंगाराचं त्याला वावडं नव्हतं. फुटक्या काचा, पत्र्याचे डबे त्याच्या कामात दिसतात.

हे आठवलं ते 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून सगळ्यांनी मिळून केलेल्या दोन शिल्पांमुळे. दोन्हींना माझाही हात लागला होता.

पहिलं एका कॉलेजच्या आवारात. वर जाळी, जाळीला शंभरेक दोऱ्या, प्रत्येकाची आपापली बाटली. सेल्फीला ही गर्दी! पण माझी बाटली काढून घेतली असती तरी शेजारची तसूभर हलली नसती. ते तोरण होतं. (त्यातल्या बऱ्याच बाटल्या त्याच सकाळी कुंड्यांत पाणी ओतून रिकाम्या केलेल्या. टाकाऊ कसल्या?)

दुसरं आम्ही आठ जणांनी मैत्रिणीच्या गच्चीत केलं. सायकलचे स्पोक, डब्यांची झाकणं, जुन्या सीडी, तंगूस. मोबाईल खालून वर बांधतात, कारण वरच्या काडीला खालच्या सगळ्याचं वजन पेलायचं असतं. ३० सेंटिमीटरच्या काडीला एकीकडे १० ग्रॅम, दुसरीकडे २० ग्रॅम लावलं, तर काडीचं वजन सोडून टांगायची जागा जड टोकापासून १० सेंटिमीटरवर येते. एकानं झाकण बदललं की वरच्या सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधायच्या. वैताग नुसता. पण मिळून काम करणं म्हणतात ते या गाठींतच होतं.

आणि मी आणलं आजीच्या कुकरचं झाकण. मला ते हवंच होतं. लावल्याबरोबर सगळा डोलारा एका अंगाला कलला. तोल साधायला एकीचे पत्र्याचे पक्षी उतरवावे लागले. दोन दिवस खपून कापलेले. ती काही बोलली नाही, नुसती कात्री पुसत बसली. मी तासभर हटून बसले. मग झाकण काढलं आणि त्याची नुसती शिट्टी टांगली.

शिल्प म्हणून ते थोर नाही. काल्डर मोजक्या रंगांवर भागवायचा. आमच्यात जत्रेतल्या दुकानासारखे सगळे रंग आहेत, आणि दोन सीडी सारख्या एकमेकींवर आपटतात. काल संध्याकाळी वारा सुटला. आधी शिट्टी खाली आली, मग पलीकडचे पक्षी वर गेले.