चौथा चबुतरा आणि चिलेम्ब्वेची हॅट

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात शिल्पाचा प्रश्न हा आधी जागेचा प्रश्न आहे. मधल्या स्तंभावर नेल्सन. भोवतीच्या चबुतऱ्यांवर घोड्यावर बसलेला राजा चौथा जॉर्ज, सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर आणि १८५७ चा उठाव मोडण्यासाठी कानपूर-लखनौवर चालून गेलेला हेन्री हॅवलॉक. चौथा चबुतरा राजा चौथ्या विल्यमसाठी होता. पैसे पुरले नाहीत, म्हणून तो दीडशे वर्षे रिकामा राहिला. १९९९ पासून त्यावर आधुनिक शिल्पे ठेवली जातात आणि मुदत संपली की उतरवली जातात.

या व्यवस्थेचे लोकशाही म्हणून कौतुक होते. मला ते पटत नाही. जिंकणाऱ्याला कायमची जागा आणि प्रश्न विचारणाऱ्याला मुदतीची, ही वाटणी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. २००० साली महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी नेपियर आणि हॅवलॉक यांना तेथून हलवावे असे सुचवले होते. दोघेही अजून तेथेच आहेत.

तरीही या मुदतीच्या कलेतले एक शिल्प मला महत्त्वाचे वाटते. मी ते छायाचित्रांतूनच पाहिले आहे. मलावीत जन्मलेल्या सॅमसन कांबालू यांचे ‘अँटलोप’ २०२२ मध्ये येथे उभे राहिले. त्याला आधार आहे १९१४ च्या एका छायाचित्राचा. न्यासालँडमधील बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन चिलेम्ब्वे गोऱ्या मिशनऱ्याशेजारी, जॉन चोर्लीशेजारी, उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर हॅट आहे. गोऱ्यासमोर आफ्रिकी माणसाने हॅट घालायची नाही, अशी त्या वसाहतीत सक्ती होती. पुढच्याच वर्षी चिलेम्ब्वेने उठाव केला आणि तो मारला गेला.

या हॅटचा अर्थ आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. वाड्यासमोरून जाताना ज्यांच्या आज्याने चपला हातात घेतल्या, त्यांना तो ठाऊक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलायला सांगितले, ते काही सौंदर्यप्रसाधन नव्हते.

एक गोष्ट मात्र खटकते. कांबालू यांनी चिलेम्ब्वेला चोर्लीपेक्षा कितीतरी मोठे केले आहे. आकाराने मोठेपण सांगणे ही नेल्सनच्या स्तंभाची भाषा झाली. मूळ छायाचित्रातील बंड दोघे एका जमिनीवर, एका मापात उभे आहेत यातच होते. एक माणूस राक्षसाएवढा केला की हॅटकडे लक्ष जाते, पण ती घालण्यातला धोका कमी होतो. २०२४ मध्ये हे शिल्प उतरले आणि तेरेसा मार्गोलेस यांचे ७२६ चेहऱ्यांचे मुखवटे तेथे आले.

आपल्याकडचे अभिजन समीक्षक असल्या शिल्पावर भरभरून बोलतील. पण वस्तीतला निळ्या सुटातला पुतळा त्यांना बेढब वाटतो. असेल बेढब, पुष्कळदा हात लांब होतो, चेहरा ओळखू येत नाही. मी त्याची कारागिरी मुळीच वाखाणणार नाही. परंतु सूट, टाय आणि हातातले पुस्तक ही चिलेम्ब्वेची हॅटच आहे, आणि ती वर्गणीतून उभी राहते. तिला कुणी मुदत दिलेली नसते, म्हणून तिच्यावर हात टाकला जातो. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. निषेधाला रस्त्यावर आलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली.