'जाऊ मी सिनेमात?' : एका प्रश्नाची चार उत्तरे

माझ्या थोरल्या आत्याचा विषय निघाला की घरात कोणीतरी हमखास म्हणायचे, "तिला शांता आपटे व्हायचे होते." मग सगळे हसायचे. गोष्ट चाळीसच्या दशकातली. आत्या पंधरा-सोळा वर्षांची असताना एका पहाटे कुंडलहून चालत किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर गेली. जुनी माणसे त्या स्टेशनाला कुंडल रोडच म्हणत. तिला कोल्हापूरची गाडी पकडायची होती, कारण तिथे सिनेमाच्या कंपन्या होत्या. गाडी यायच्या आत चुलत्यांनी तिला गाठले आणि घरी आणले. त्याच वर्षी तिचे लग्न झाले. पुढे ती कधी या विषयावर बोलली नाही आणि आम्हीही तिला कधी काही विचारले नाही.

मी काही विद्यापीठातला माणूस नाही. नोकरी सांभाळून, जुनी पुस्तके आणि मासिके गोळा करत वाचत आलो. मराठी नट्यांनी लिहिलेली किंवा सांगितलेली पुस्तके गेली काही वर्षे पुनःपुन्हा वाचतो आहे, त्यामागे ही आत्या आहे हे मान्य करायला हवे. तिला जिथे जायचे होते ते ठिकाण कसे होते? तिथे पोहोचलेल्या बायकांनी त्याबद्दल काय सांगून ठेवले आहे?

चित्रपटाच्या इतिहासात आणि गप्पांत एक चित्र ठरून गेले आहे. स्टुडिओच्या काळात नट्यांची आपसांत चढाओढ होती. एकीला मागे सारून दुसरी पुढे आली, अमक्या दिग्दर्शकाने अमकीचा शोध लावला, तमकीला घडवले. या चित्राबद्दल मला शंका आहे. चढाओढ नव्हती असे नाही. पण आमचे कुंडल कुस्तीच्या मैदानासाठी प्रसिद्ध आहे, आणि ते मैदान बघत वाढलेल्या माणसाला एवढे ठाऊक असते, की आखाड्यात दोन पैलवान भिडतात पण जोड त्यांनी लावलेली नसते. ती भरवणारे लावतात. नट्यांची जोड कोणी लावली होती?

आधी 'कंपनी' हा शब्द समजून घेऊ. प्रभात फिल्म कंपनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात स्थापन झाली आणि 1933 साली पुण्याला गेली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी असे पाच मालक. कंपनीच्या बोधचिन्हात तुतारी फुंकणारी स्त्री होती, मालकांत एकही स्त्री नव्हती. नटनट्या करारावर, मासिक पगारावर. काम असो वा नसो, कंपनीत हजर राहायचे. कंपनी देईल ती भूमिका करायची, बाहेरचे काम परवानगीशिवाय घ्यायचे नाही. मुख्य भूमिका वर्षाकाठी मोजक्या आणि त्या कोणाला द्यायच्या हे ठरवणारे हातही मोजकेच. अशा घरात चढाओढ झाली नाही तरच नवल. ती या व्यवस्थेतून निपजत होती, बायकांच्या स्वभावातून नव्हे.

याचा उघड पुरावा एका फाटकाबाहेर मिळतो. शांता आपटे भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (1932) या चित्रपटातून आल्या. प्रभातमध्ये 'अमृतमंथन' (1934), 'अमरज्योती' (1936), मग 'कुंकू' (1937). 'कुंकू'ची कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची, आणि हे आपटे साताऱ्याजवळच्या कोरेगावचे. म्हणजे त्या नीरेचा जन्म आमच्याच मुलखातला. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेली ही मुलगी ते लग्न मानत नाही. त्याबद्दल लोकांनी शांताबाईंना डोक्यावर घेतले. पण जुलै 1939 मध्ये पगार आणि करार यांच्या वादातून त्याच शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, तेव्हा तीच गोष्ट अनेकांना तमाशा वाटली. पडद्यावर 'नाही' म्हणणारी नायिका चालते. मालकाला 'नाही' म्हणणारी नोकरदार बाई चालत नाही. मी प्रतिसरकारच्या गावचा. अन्याय करणाऱ्याच्या दारात जाऊन बसणे म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही हे उपोषण माझ्यापर्यंत प्रथम आले ते एका नटीच्या लहरीचा किस्सा म्हणूनच.

पुढच्याच वर्षी, 1940 साली, शांताबाईंचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक निघाले. नाव वाचून वाटते की आत आठवणी असतील, आपण कसे चमकलो ते असेल. तसे काही नाही. ते आत्मचरित्र नव्हेच. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींच्या तोंडचा प्रश्न घेऊन बाईंनी त्या धंद्याचीच चिकित्सा केली आहे. सिनेमा हा कारखाना आहे, त्यात भांडवल आहे, यंत्रे आहेत आणि त्यांत झिजणारी माणसाची शरीरे आहेत, अशी ती मांडणी. नटाची दमणूक हा त्यांना लिहिण्याचा विषय वाटला, हे 1940 साली विलक्षण होते. सूर वादाचा आहे आणि कुठे कुठे चढाही. पण नटीला 'तारका' न म्हणता राबणारी म्हणणारे एवढे रोखठोक मराठी पुस्तक मी त्याआधीचे पाहिलेले नाही. आणि त्यात बोट रोखले आहे ते दुसऱ्या नटीकडे नव्हे, व्यवस्थेकडे. एवढे असूनही आपल्या वाङ्मयेतिहासात त्याला ओळही मिळणे कठीण. ललित नाही म्हणून समीक्षकांनी सोडले, आठवणी नाहीत म्हणून सिनेमावाल्यांनी.

दुसरे उत्तर दुर्गा खोटे यांचे. 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती दुर्गाबाईंनी केली. मधल्या एकोणीस वर्षांत 'घरंदाज बाई पडद्यावर येते' इतके अंतर कापले गेले. 'मी दुर्गा खोटे' (1982) हे शांत, सभ्य पुस्तक आहे. लाडांच्या श्रीमंत घरात जन्म, कॉलेजचे शिक्षण, आणि सासरची आर्थिक घडी विस्कटल्यामुळे कामाला बाहेर पडणे. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट : त्या एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन 'राजरानी मीरा' (1933) आणि 'सीता' (1934) केले, पुन्हा प्रभातमध्ये येऊन 'अमरज्योती' केला. शिक्षण आणि घराणे पाठीशी असल्याने वाटाघाटीला बसण्याची ताकद त्यांच्यात होती. त्यांची थोरवी याने कमी होत नाही, पण ही ताकद सगळ्यांना नव्हती हे त्यांच्या पुस्तकात पुरेसे जाणवत नाही. तिथे माझे समाधान होत नाही.

'अमरज्योती'त दुर्गाबाई आणि शांताबाई दोघी होत्या. मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी आणि तिच्या तावडीत सापडणारी राजकन्या नंदिनी. दोघींत सरस कोण, ही चर्चा प्रेक्षकांनी केलीच असणार. मीही केली आहे. पण दोघींची पुस्तके शेजारी ठेवली की वेगळेच दिसते. त्या एकमेकींशी झुंजत नव्हत्या. एकीला कराराबाहेर राहता आले, दुसरी कराराशी झुंजली. 1939 साली प्रभातचा 'माणूस' आला आणि मैनेच्या भूमिकेत शांता हुबळीकर गाजल्या. लगेच 'एक शांता गेली, दुसरी आली' अशी जोड लावणे किती सोपे!

त्या दुसऱ्या शांताबाईंच्या आत्मचरित्राचे नाव 'कशाला उद्याची बात' (1990). 'माणूस'मधल्या गाजलेल्या गाण्यावरून घेतलेले. ऐन तारुण्यात ज्या शब्दांनी नाव दिले, तेच म्हातारपणी पुस्तकाला द्यावे, यातली कळ वाचकाला आपोआप लागते, कारण उतारवयात त्यांना वृद्धाश्रमात राहावे लागले. कन्नड मुलखातली गरीब घरची मुलगी, मराठी आपलीशी करून पडद्यावर आली आणि कीर्तीची वर्षे सरल्यावर विसरली गेली. पुस्तकात कडवटपणा आहे, पण तो कोणा नायिकेबद्दल नाही. मिळवलेले आपल्या हाती का राहिले नाही, हा त्यातला खरा प्रश्न.

हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'त (1970) हाच प्रश्न उंबऱ्याच्या आत येतो. मूळ नाव रतन साळगावकर. घराण्याचे नाव सिनेमाला नको म्हणून वाडकर. नावे बदलणे या धंद्यात जुनेच : बाबुराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तल्या (1920) गुलाबबाई आणि अनुसयाबाई कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या होत्या. हंसाबाई लहान वयात कामाला लागल्या, त्या हौसेने नव्हे, घर चालावे म्हणून. 'संत सखू' (1941), 'लोकशाहीर रामजोशी' (1947), आणि अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (1959), जो पुण्यात 131 आठवडे चालला. एवढे यश मिळवलेली ही बाई आपल्या कहाणीत यशाला फार जागाच देत नाही. तिला संसार हवा होता आणि घरच्यांना तिची कमाई. सिनेमा सोडावा म्हटले तरी सोडू दिला जात नाही. अरुण साधूंनी शब्दांकन करताना ती बोलण्याची लय राखली, म्हणून हे पुस्तक आजही अंगावर येते. त्यावरून 'भूमिका' (1977) निघाला, पण मूळ पुस्तकातला सपाट, तक्रार न करणारा सूर मला चित्रपटापेक्षा जास्त बोचतो.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्या काळी बाईने कमावण्याच्या वाटा थोड्या होत्या. कंपनीने नियमित पगार दिला, गाणे-अभिनयाची तालीम दिली, शिस्त दिली. प्रभातच्या चौकटीशिवाय तारामती झाली नसती, नीराही नाही. शांताबाई प्रभात सोडून थेट मद्रासकडे गेल्या, तमिळ शिकल्या आणि 'सावित्री' (1941) केला, ज्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. हे धाडस करण्याइतके नाव त्यांना प्रभातनेच मिळवून दिले होते. माझे म्हणणे एवढेच, की जिने नाव कमावले तिला आपल्या श्रमाचा हिशेब मागता आला पाहिजे. तो मागणाऱ्या बाईला आपण भांडखोर ठरवले आणि हिशेबाच्या जागी हेव्यादाव्याच्या गोष्टी चघळत बसलो.

किर्लोस्करवाडी आमच्या शिवेवर. तिथून 1930 पासून 'स्त्री' मासिक निघत होते. बाईने शिकावे, कमवावे, हे तिथे छापले जाई. छापखान्यापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर. त्याच स्टेशनावर माझ्या आत्याला अडवले गेले. तिला अडवण्यात सगळ्यांचेच चुकले असे मी म्हणणार नाही. हंसाबाई वाचल्यावर तर मुळीच नाही. पण तिला कोणीतरी नीट उत्तर द्यायला हवे होते. ती विचारत होती तोच प्रश्न एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापून झाला होता आणि आतल्या पानांत एका जाणत्या बाईने त्याची सगळी किंमत मांडून ठेवली होती. 'जाऊ नको' हे उत्तर नव्हे. 'जायचेच तर करार वाचून जा', हे उत्तर.

आत्या गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिच्या ट्रंकेत साड्यांखाली मासिकातून कापलेले एक छायाचित्र निघाले होते. मी तेव्हा लहान होतो. ते कोणाचे होते हे मला कळले नाही आणि कोणी जपूनही ठेवले नाही. घरात आता तो विषय निघाला तर मी हसत नाही.