व्यक्तिविशेष कायदा आणि कुंडलचा भूमिगत

एका नामनिर्दिष्ट व्यक्तीस भरपाई देण्यापुरताच कायदा संमत करण्याची प्रथा अमेरिकी काँग्रेसमध्ये रूढ झाली. आपल्याकडे ती रुजली नाही; येथे शासन व्यक्ती न पाहता वर्ग ठरविते. १९७२ साली सुरू झालेली व १९८० साली विस्तारलेली स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना हे याचे ठळक उदाहरण होय.

समतेच्या दृष्टीने हे धोरण उचित खरे. परंतु तिच्या अटींत एक विसंगती आहे. भूमिगताने फरारी म्हणून झालेली घोषणा, पकडण्यासाठी लावलेले बक्षीस किंवा न बजावला गेलेला स्थानबद्धतेचा हुकूम दाखवावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे देशसेवेचे प्रमाण मुख्यतः परकीय सत्तेच्या दप्तरात शोधावयाचे! आजच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र होते. तेथे गुप्तता हेच कार्याचे बळ. निरोप पोचविणारा, रात्री भाकरी देणारा पोलिसांच्या नजरेस आलाच नाही, तर त्याची नोंद कोठून मिळणार? कार्य जितके यशस्वी, तितका पुरावा क्षीण.

गुरदियाल सिंग प्रकरणी २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने काटेकोर सिद्धतेऐवजी संभाव्यतेची कसोटी सांगितली, ती यथार्थच होती. तथापि कसोटी सैल झाली तरी वर्गाची चौकट तीच राहिली. व्यक्तिविशेष कायद्यातील वशिल्याचा दोष टाळून, प्रत्येक दाव्याची स्वतंत्र चौकशी हा त्यातील गुण स्वीकारणे आवश्यक होते, असे म्हणावे लागते.