सैराट

मराठी चित्रपट. दिग्दर्शक नागराज मंजुळे. प्रथम बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला व २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात त्याचे बरेचसे चित्रीकरण झाले. जमीनदार पुढाऱ्याची मुलगी आर्ची (रिंकू राजगुरू) आणि मासेमारी करणाऱ्या, जातिश्रेणीत खालच्या मानलेल्या कुटुंबातील परशा (आकाश ठोसर) यांचे प्रेम, पलायन व हत्या हा त्याचा विषय होय.

घर सोडलेली मुले आणि वाटेवरची हिंसा ही ‘रोड मूव्ही’ या अमेरिकन चित्रपटप्रकाराची जुनी सामग्री आहे. ग्रेग अराकी यांच्या द डूम जनरेशन (१९९५) या अतिवास्तव, स्वतंत्र निर्मितीत दुकानातील बिल दर वेळी ६.६६ डॉलरच होते आणि तुटलेले मुंडकेही किंचाळते. तेथील मुलांना पिटाळतो तो कंटाळा. त्यांच्या वाटेत येणारे मारेकरी अनोळखी असतात. आर्ची-परशाला पळविते ती जात, आणि त्यांचे मारेकरी घरचे असतात. त्यामुळे येथे रस्ता कितीही लांबला, तरी तो गावाशी जोडलेलाच राहतो.

सैराटचा पूर्वार्ध स्वप्नासारखा आहे. संथगती दृश्ये, विहीर, पाण्याचा फुगवटा, आणि लॉस अँजेल्समध्ये वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेले अजय-अतुल यांचे संगीत यांतून चित्रपटांवर पोसलेल्या कुमारवयाची कल्पनासृष्टी उभी राहते. मात्र या स्वप्नातच आर्चीचा भाऊ वर्गात प्राध्यापकांच्या थोबाडीत मारतो, आणि वडिलांना त्याचे कौतुकच वाटते. गाण्यांच्या धुंदीत प्रेक्षक हा प्रसंग विसरतो. दिग्दर्शकाला बहुधा तेच हवे असावे. बुलेट व ट्रॅक्टर चालविणारी, पाठलाग करणाऱ्यांवर पिस्तूल झाडणारी नायिका हे या भागाचे खरे बळ होय. परशा तिच्यापुढे काहीसा फिका पडतो.

हैदराबादच्या झोपडवस्तीत गाणी थांबतात. संडासाची दुर्गंधी, बाटल्या भरण्याच्या कारखान्यातील आर्चीची नोकरी, तुटपुंजी मजुरी यांत संशय शिरतो आणि परशाही तिच्यावर हात उगारतो. पळून आलेला प्रियकरही त्याच समाजात वाढलेला आहे, हे दाखविण्याचे धैर्य मराठी प्रेमपटांत क्वचितच आढळते. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटातील काही विनोदी प्रसंग लांबले आहेत. हा भाग मात्र कोठेही रेंगाळत नाही.

शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा ठेवते. हत्या पडद्यावर दिसत नाही. शेजारणीकडून परतलेले लहान मूल आई-वडिलांचे मृतदेह पाहते आणि रडत बाहेर पडते; जमिनीवर त्याची रक्ताळलेली पावले उमटतात. पार्श्वसंगीत नाही, ध्वनीही नाही. पूर्वार्धातील वाद्यवृंद ज्या कानांनी ऐकला, त्याच कानांना ही शांतता असह्य होते. धडक (२०१८) या हिंदी रूपांतरात कथा उदयपूरला नेण्यात आली. तेथे जातीचा उल्लेख पुसट झाला आणि पलायनाचे कारणही त्याबरोबर पातळ झाले.