संरक्षण उत्पादनविषयक शासकीय धोरण : ओझर ते वाटद

प्रस्तावना

संरक्षण व विमान उद्योगात शासन हेच मुख्य ग्राहक, तेच परवाना देणारे आणि बहुतांशी तेच मालकही असते. त्यामुळे इतर उद्योगांत जे बाजारपेठ ठरवते, ते येथे धोरण ठरवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरने रत्नागिरी तालुक्यातील वाटद येथे स्फोटके, दारूगोळा व लहान शस्त्रे यांच्या निर्मितीचा प्रकल्प घोषित केला. त्यासाठी एक हजार एकर जागा मिळाल्याचेही जाहीर झाले. या घोषणेचे मूल्यमापन करताना महाराष्ट्राशी निगडित पूर्वानुभव तपासणे आवश्यक ठरते.

मालकीचा प्रश्न

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. १९४२ मध्ये, युद्धकाळात, सरकारने ती ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर १९४८ व १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावांनी शस्त्रास्त्रे आणि विमाने यांची निर्मिती शासनाकडेच राखली. मे २००१ मध्ये हे क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले झाले. त्या वेळी २६ टक्के असलेली विदेशी गुंतवणुकीची मर्यादा २०२० मध्ये स्वयंचलित मार्गाने ७४ टक्के झाली. ही सारी चर्चा प्रामुख्याने 'कारखाना कोणाचा?' या प्रश्नाभोवती फिरली, 'आराखडा कोणाचा?' हा प्रश्न दीर्घकाळ दुय्यम राहिला.

ओझरचा अनुभव

नाशिकजवळील ओझरचा कारखाना १९६० च्या दशकात मिग-२१ विमानांच्या परवाना-उत्पादनासाठी उभा राहिला. पुढे २००० च्या करारानुसार तेथे सुखोई-३० विमाने तयार होऊ लागली. १९६२ च्या युद्धानंतर तातडीची गरज होती, हे मान्य केले पाहिजे. परवाना-उत्पादनाने कुशल कामगार व देखभालीची क्षमताही निर्माण झाली. परंतु मूळ रचनेत बदल करण्याचे स्वातंत्र्य त्यातून मिळाले नाही.

याउलट १९६१ मध्ये प्रथम उडालेले 'मरुत' हे देशात रचलेले विमान पुरेशा शक्तीच्या इंजिनाअभावी मागे पडले. १९८९ मध्ये मंजूर झालेला 'कावेरी' इंजिन प्रकल्प २००८ मध्ये तेजसपासून वेगळा करण्यात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक येथे तेजसच्या उत्पादनाची तिसरी साखळी सुरू झाली. मात्र २०२१ मध्ये मागणी नोंदविलेल्या ८३ विमानांच्या पुरवठ्याला अमेरिकन इंजिनांच्या विलंबाचा फटका बसला. सहा दशकांनंतरही अडचण त्याच ठिकाणी आहे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

निष्कर्ष

देशात रचलेल्या, विकसित केलेल्या व निर्माण केलेल्या सामग्रीस खरेदीत अग्रक्रम देणारा वर्ग २०१६ च्या खरेदी कार्यपद्धतीत समाविष्ट झाला. आराखड्याच्या प्रश्नाची ही उशिरा झालेली दखल होय. मे २०२५ मध्ये वाटद प्रकल्पासाठी जर्मनीच्या ऱ्हाईनमेटॉल कंपनीशी सहकार्य जाहीर झाले. त्याची कसोटी गुंतवणुकीच्या आकड्यांवर लागणार नाही. रासायनिक प्रक्रियेत सुधारणा करण्याचा अधिकार भारतीय अभियंत्यांना मिळतो काय, पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेशी आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांशी प्रकल्पाचा संबंध जुळतो काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर ती लागेल. जमीन व सवलती देताना शासनाने या अटी करारातच घातल्या नाहीत, तर मालक बदलेल, परंतु परावलंबन कायम राहील.